मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावून दिव्यांग खेळाडूंसाठी निधी जमवायचा आहे, सल्ला हवा (नागपूर)

सेमिनरीहिल्सची_पहाट
नमस्कार. येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन (42.195 किमी) धावायचं ठरवलंय. याआधी दोन अर्ध्या मॅरेथॉन झाल्या आहेत.

मी सरावाला जाते त्या मैदानावर एक मुलगी बसून गोळाफेक करते. तिची बैठक घराजवळच्या वेल्डिंगवाल्याने पाइप जोडून दिलेली आहे. गोळा फेकताना ती हलते, म्हणून तिचे बाबा मागून दोन्ही हातांनी धरून उभे असतात. रोज. ते पाहून वाटलं, आपण नुसतं धावण्यापेक्षा या मुलांसाठी धावावं. दोन लाख जमवायचा विचार आहे. पैसे कुठे द्यावेत? लोकांकडे मागावेत कसे? आणि आपल्या हवेत सराव करून मुंबईत निभेल का?

चाकांवरची
ताई, तुम्ही तिला विचारलंत का, काय पाहिजे ते? माझ्यावरून सांगते. मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळते. एका कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून खुर्ची दिली, हार घातला, फोटो काढले. खुर्ची दवाखान्यातली, घडीची! खेळाच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली असतात, त्यामुळे ती झटकन वळते आणि धक्का लागला तरी सहज कलंडत नाही. मिळालेली खुर्ची आजही घरी कोपऱ्यात उभी आहे. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, पण विचारलं कोणीच नाही.

तिच्या बैठकीचंही तसंच. स्पर्धेत गादीसकट उंची जास्तीत जास्त 75 सेंमी चालते आणि बैठक पट्ट्यांनी जमिनीला घट्ट बांधतात. हे माप माहीत असलेला कारागीर नागपुरातच चांगली बैठक बनवून देईल, त्याला दोन लाख लागत नाहीत. खरा पैसा जातो प्रवासात. खेळाडूसोबत एक माणूस लागतोच, म्हणजे तिकीट, राहणं, जेवण सगळं दुप्पट. बाबा सोबत गेले की त्यांची तितक्या दिवसांची मजुरी बुडते, ती वेगळी. यासाठी देणगी द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

आणि आवाहनात ‘बिचारी’, ‘दुर्दैवी’ असे शब्द नका लिहू. तिची सर्वोत्तम फेक किती मीटर आहे ते लिहा. आटपाडीकडच्या सचिन खिलारींनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. त्यांचं नाव निघालं की लोक हा आकडा सांगतात ना, तसंच.

धरमपेठ_सीए
पैसे स्वतःच्या यूपीआयवर अजिबात घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या. संस्थेकडे देणगीवर करसवलत मिळवून देणारी (80जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी आहे का ते आधी पाहा, आणि देणगीदारांना त्यासाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र मिळेल हे लेखी घ्या. 2000 रुपयांच्या वर रोख दिली तर वजावट नाही. नव्या करप्रणालीत 80जीची सवलतच नाही, तेव्हा ‘कर वाचेल’ असं सरसकट सांगू नका. मुलीला थेट दिलेल्या पैशावरही सवलत नाही. तरीही द्यायचे असतील तर अवश्य द्या, फक्त तसं स्पष्ट सांगून.

फुटाळा_ते_अंबाझरी
सरावाचं सांगतो. जानेवारीत आपल्याकडे पहाटे कोरडी थंडी असते, मुंबईत घाम अंगावरून वाळत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात निदान दोन लांब पल्ले करा आणि मीठ-साखरेच्या पाण्याची सवय तेव्हाच लावा. मुंबईत पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, पाय संपलेले असतात तेव्हा. त्यासाठी सेमिनरी हिल्सचा चढ पल्ल्याच्या शेवटी ठेवा, सुरुवातीला नको. 32 किमीचा पल्ला शर्यतीच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अंतर कमी करत जा.

आणखी एक. मी एका अंध धावपटूसोबत गाइड म्हणून धावतो. दोघांच्या हातात एक छोटी दोरी असते. ओढायचं नाही, खड्डा, वळण, गतिरोधक आधी सांगायचे, आणि शेवटच्या रेषेवर तो आपल्या आधी पोचला पाहिजे. नागपुरात गाइड कमी पडून राहिले आहेत. दोन लाख जमोत न जमोत, आठवड्यातली एक सकाळ देता आली तर पाहा.

सेमिनरीहिल्सची_पहाट
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिच्याशी आणि तिच्या बाबांशी बोलले. बैठक तिला हवीच आहे, मापं तिने स्वतः कागदावर काढून ठेवली होती, कोणी विचारायचीच वाट होती. पण पहिलं नाव तिने घेतलं ते राज्य स्पर्धेच्या प्रवासाचं. आवाहनात तिची फेक लिहायची का विचारलं तर म्हणाली, “या महिन्यात अजून वाढणार आहे, थांबा थोडं.” म्हणून आवाहन पुढच्या महिन्यात टाकते.

सीए साहेब, दोन संस्थांची कागदपत्रं मागवली आहेत, आली की इथेच विचारीन.

फुटाळा दादा, रविवारी पहाटे साडेपाचला तलावाच्या पाळीवर येते. दोरी तुम्ही आणा.