आधी अँपचा आवाज वाढवा

बास गिटारवर दोन मिनिटं सिक्स्टीन्थ नोट्स (एका ठोक्याला चार सूर) वाजवल्या की हात भरून येतो, यावर जाड तारा लावून बोटांचा जोर वाढवायचा सल्ला काही जण देतात. मला तो अजिबात पटत नाही. हात बहुतेकदा भरून येतो तो गरजेपेक्षा जास्त जोर लावल्यामुळेच. अँपचा (अँप्लिफायरचा) आवाज वाढवा आणि तार निम्म्या ताकदीनं छेडा. बोट तारेखाली खोल शिरू देऊ नका. तार छेडणाऱ्या हाताचं मनगट जवळपास सरळ हवं. ते दुमडलं की ताण वाढतो.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवून तर्जनी आणि मधलं बोट आलटूनपालटून वापरा, एका ठोक्याला चार सूर. दोन्ही बोटांचा आवाज सारखा येईपर्यंत वेग वाढवू नका, हे खरंच महत्त्वाचं आहे. बारीक तारेवरून जाड तारेवर येताना मात्र तेच बोट ओढत आणलेलं चालतं.

वेगासाठी तिसरं बोट वापरायची घाई नको. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिस घोड्याच्या टापांसारखी ती वेगवान लय दोनच बोटांनी वाजवतो, आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बास वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सननं तर एकट्या तर्जनीवर भागवलं. बोटांना मुंग्या आल्या किंवा मनगट दुखलं, तर त्या दिवशी सराव थांबवा.