मदत हवी आहे: स्नोफ्लेक कापला की तुकडेच हातात येतात

घाईतली_आई
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा प्लीज. सुट्ट्या लागल्यात, दोन्ही मुलं घरात आहेत आणि खिडकीत लावायला कागदाचे स्नोफ्लेक करू असं मी कबूल करून बसलेय. घडी घालतो, नक्षी कापतो आणि उलगडलं की एकतर मधलं फूल वेगळं नि बाहेरचं कडं वेगळं, नाहीतर सरळ सुट्या पाकळ्या. धाकटीचे कसेबसे जमतायत, मोठ्याचा एकही धड नाही, त्याने आता कात्री भिरकावून दिलीये आणि रुसून बसलाय. व्हिडिओ बघून झालेत, त्यात सगळं चुटकीसरशी होतं, ते पाठवू नका. उद्या संध्याकाळी त्याचे मित्र येणारेत, त्याआधी जमायला हवं. काय चुकतंय?

कातरकाम
घडी कशी घालता? कागद कुठला? मुलं केवढी? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

घाईतली_आई
अहो घडी म्हणजे नेहमीची घडी, अर्धी, परत अर्धी, परत तिरकी. कागद साधाच.

कागदवेडा
माझं ऐकाल तर कात्री बाजूलाच ठेवा. मुलांना ओरिगामी शिकवा. एक चौकोनी कागद, कापणं नाही, चिकटवणं नाही, तुकडे व्हायचा प्रश्नच नाही. चांदणी, बोट, पक्षी, सगळं होतं. कापून नक्षी करणं याला किरिगामी म्हणतात, तो वेगळा प्रकार आहे आणि खरं सांगायचं तर त्यात घडीची मजा राहत नाही.

चिऊताई
कागदवेडा, त्यांनी स्नोफ्लेक विचारलाय हो. दरवेळी कुठल्याही धाग्यावर तुमची ओरिगामी.

कागदवेडा
पर्याय सुचवला फक्त. बंदी आहे का?

कातरकाम
ताई, "परत तिरकी" मध्येच गोम असणार. दोनदा अर्धी घडी घातली की चौकोन हातात राहतो ना, त्याच्या चार कोपऱ्यांपैकी एकच कोपरा म्हणजे मूळ कागदाचा मध्य. तिसरी तिरकी घडी त्या कोपऱ्यातून निघाली पाहिजे, म्हणजे त्रिकोणाचं निमुळतं टोक मध्यावर येतं. घडी उरलेल्या दोन कोपऱ्यांमधून गेली तर मध्य जाऊन मोकळ्या कोपऱ्यावर बसतो आणि मग आपण टोक समजून भलतंच काहीतरी कापत असतो. सोपा उपाय, घडी घालायच्या आधी कागदाच्या मधोमध पेन्सिलीने दोन्ही बाजूंनी ठिपका द्यायचा आणि शेवटपर्यंत तो ठिपका चिमटीत धरायचा. लहान मुलांनाही कळतं, "ठिपका सोडायचा नाही" एवढंच सांगायचं.

दुसरं म्हणजे बंद कडा. त्रिकोणाच्या ठिपक्याच्या टोकाला मिळणाऱ्या दोन बाजू म्हणजे घड्या. त्या प्रत्येक बाजूवर थोडी तरी घडी न कापता शिल्लक राहिली पाहिजे, तीच पाकळ्यांना एकमेकींशी धरून ठेवते. मुलं काय करतात, सुंदर पाकळी दिसावी म्हणून घडीच्या कडेकडेने थेट टोकापर्यंत कापत नेतात, मग पाकळ्या सुट्या होणारच. आणि या बाजूने कापलेलं त्या बाजूच्या कापाला भेटलं की मधला भाग कड्यातून सुटला. तुम्ही लिहिलेले दोन्ही प्रकार हेच आहेत.

घाईतली_आई
ओह. ठिपक्याचं करून बघते. पण धाकटी पण तशीच घडी घालते, मीच दोघांना घालून देते, मग तिचे कसे जमतात?

चिऊताई
ती नुसते कडेला छोटे छोटे त्रिकोण उडवत असेल. लहान मुलं खोल कापत नाहीत.

निवांत
मुलं हाताने काहीतरी करतायत हेच मोठं आहे हल्ली. नाहीतर हातात मोबाईल. आमच्या वेळी सुट्टी म्हणजे

चिऊताई
निवांत काका, नको ना. आणि वाक्य अर्धंच राहिलंय.

गणितमास्तर
एक मूलभूत मुद्दा. अर्धी, अर्धी, तिरकी अशा घडीतून आठ पाकळ्यांचं फूल येतं. खरा स्नोफ्लेक, म्हणजे बर्फाचा स्फटिक, सहा बाजूंचा असतो, कारण गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी मांडणीत बसतात. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्येच हा प्रश्न विचारला होता की सहाच का, पाच का नाही, सात का नाही. अमेरिकेतल्या विल्सन बेंटलीने १८८५ पासून सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून अशा हजारो स्फटिकांचे फोटो काढले, ते बघा, आठ कोनी एकही सापडणार नाही. मुलांना पहिल्यापासून बरोबर तेच शिकवावं.

चिऊताई
मास्तर, खिडकीत लावायचंय, परीक्षेला नाही.

गणितमास्तर
सहाची घडी अवघड नाहीये. चौकोन कर्णावर दुमडा. लांब बाजूचा मध्य धरा आणि तिथून उजवा भाग वर, डावा भाग त्याच्यावर, दोन्ही नीट एकमेकांवर बसेपर्यंत सरकवायचे. १८० अंशांचे तीन सारखे भाग, प्रत्येकी ६०. वर ज्या दोन शेपट्या निघतात त्या उडवून टाका. मग हवं तर अजून एकदा मधोमध दुमडा.

पाटीवाली
मुलांना ते सरकवणं जमत नाही, माझ्याकडच्या मुलांवर करून पाहिलंय. ताटली ठेवून गोल आखा, गोल कापा, अर्धा दुमडा आणि अर्धगोल तीन सारख्या भागांत दुमडा. गोल असला की शेपट्या उडवायच्या भानगडी नाहीत आणि चुकून सारखे भाग नाही झाले तरी वाईट दिसत नाही.

कातरकाम
त्या शेवटच्या "अजून एकदा मधोमध" ने मात्र १२ थर होतात मास्तर. साधा झेरॉक्सचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा) कागद धरला तरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडी. मुलांच्या बोथट कात्रीला झेपत नाही, कागद आत सरकतो आणि मग वरचे थर कापले जातात नि खालचे चुरगळतात. मुलांसाठी सहा थरांवर थांबा. घाईतली_आई, साधाच म्हणजे कुठला कागद ते अजून सांगितलं नाहीत.

घाईतली_आई
ड्रॉइंगच्या वहीतला. घरात तोच होता, साधाच असतो ना तो.

कातरकाम
झालं. तो बहुतेक सव्वाशे जीएसएमच्या पुढचा असणार. त्याच्या आठ थरांना माझीच मोठी कात्री कुरकुरते. झेरॉक्सचा घ्या, किंवा त्याहून पातळ पतंगाचा कागद घ्या. ए-फोर कागदाचा चौकोन करायला एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून तिरका दुमडा, उरलेली पट्टी कापा. ती २१० बाय ८७ मिलिमीटरची राहते, फेकू नका, उभ्या पट्ट्या कापून कागदी कड्यांच्या साखळीला होतात.

भाऊसाहेब
चिकटवताना पांढरा पातळ गोंद वापरू नका, त्यात पाणी असतं, कागद ते पितो, फुगतो आणि वाळला की वाकडा होतो. ग्लू स्टिक घ्या. साखळीला तर तीच बरी, कडी बोटात धरून दहापर्यंत मोजायचं.

पाटीवाली
साखळीला स्टेपलर. मोजत बसायची गरज नाही.

भाऊसाहेब
लहान मुलांच्या हातात स्टेपलर? आणि पिना जमिनीवर पडून पायात घुसल्या की?

पाटीवाली
मोठ्यांनी मारायचा ना स्टेपलर. मुलं कड्या धरतात.

घाईतली_आई
साखळीचं कोणी विचारलंय का? मोठ्याचं सांगा. झेरॉक्सचा कागद घेतला, ठिपका दिला, मी आणि धाकटीने एकेक केला, दोन्ही अखंड निघाले, त्यासाठी खूप थँक्यू. त्याला बाहेर बोलावून करायला लावला तर कागद कापलाच जात नाही, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसतो. त्याच कात्रीने धाकटी कापतेय. तो म्हणतो माझे हातच वाईट आहेत.

कातरकाम
मोठा डावखुरा आहे का?

घाईतली_आई
हो. का?

कातरकाम
मग हात नाही, कात्री वाईट आहे त्याच्यासाठी. नेहमीची कात्री उजव्या हाताची असते. उजव्या हातात धरून दाबली की अंगठा आणि बोटं आपोआप पाती एकमेकांवर घट्ट आणतात. तीच डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती एकमेकांपासून लांब ढकलतो, मध्ये फट पडते आणि कागद त्या फटीत दुमडतो. शिवाय वरचं पातं नेमकं आखलेल्या रेघेवर येतं, त्याला रेघ दिसतच नाही, म्हणून तो अंदाजाने कापतो आणि दोन काप एकमेकांना भेटतात. एका थराला चालून जातं, सहा-आठ थरांना नाही.

चिऊताई
हे आधी का नाही सांगितलं तुम्ही ताई!

घाईतली_आई
कोणी विचारलं होतं का? तो जन्मापासून डावखुरा आहे, त्यात सांगायचं काय.

पाटीवाली
डावखुऱ्यांची कात्री मिळते. पण बघून घ्या, "दोन्ही हातांना चालते" असं म्हणून जी देतात तिच्यात बऱ्याचदा मुठीच फक्त सारख्या असतात, पाती उजव्याच हाताची. उघडी धरून बघा, डाव्या हातात असताना वर येणारं पातं डाव्या बाजूला दिसलं पाहिजे.

निवांत
आमच्या घरी पण एक डावखुरा आहे. लहानपणी त्याला जबरदस्तीने उजव्या हाताने लिहायला लावलं. आता त्याचं अक्षर बघवत नाही.

घाईतली_आई
उद्यापर्यंत नवीन कात्री कुठून आणू? आत्ता काय करू ते सांगा.

कातरकाम
आत्तापुरतं तीन गोष्टी करता येतील. एक, चौकोन दोनदाच अर्धा दुमडून चार थर ठेवा, पतंगाचा कागद असेल तर उत्तमच. चार पाकळ्यांचं फूल येईल, मास्तरांनी क्षमा करावी. दोन, त्याला सांगा की अंगठा स्वतःकडे ओढायचा आणि बोटं बाहेर ढकलायची, नेहमीच्या उलट, म्हणजे पाती जवळ येतात. विचित्र वाटतं पण कापलं जातं. आणि वळताना कात्री नाही वळवायची, कागद फिरवायचा. तीन, घरात पंचिंग मशीन असेल तर ते त्याला द्या. घडीच्या कडेवर अर्धं भोक पाडलं की उलगडल्यावर पूर्ण गोल होतो. त्यात डावं-उजवं काही नसतं.

गणितमास्तर
त्याला एका कापाची गंमत पण दाखवा. कागद हवा तसा सपाट दुमडून एकाच सरळ कापात सरळ रेषांची कुठलीही आकृती काढता येते हे १९९० च्या दशकाच्या शेवटी गणितज्ञ एरिक डिमेन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलंय. पाच टोकांची चांदणी सोप्पी आहे. एकच सरळ काप, वळणं नाहीत, डाव्या हातालाही जमेल.

भाऊसाहेब
कितीही दुमडा, सातच्या वर घडी पडत नाही. हे पण सिद्ध झालंय.

गणितमास्तर
काही सिद्ध वगैरे झालेलं नाही. २००२ मध्ये ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळकरी मुलीने १२ घड्या घालून दाखवल्या, आणि किती घड्यांना किती लांब कागद लागेल याचं सूत्रही दिलं.

भाऊसाहेब
तो टॉयलेट पेपर होता, सव्वा किलोमीटर लांब. घरात घालून दाखवा म्हणावं.

चिऊताई
चाललं यांचं.

घाईतली_आई
अपडेट देते. पंचिंग मशीन सापडलं. साहेब आता ऐकत नाहीयेत, भोकाभोकांचे इतके केलेत की धाकटी पण तेच मागतेय आणि दोघांची मशीनवरून भांडणं. अंगठा ओढायचं पण थोडंथोडं जमतंय, एक कापलेला अखंड निघाला, तो त्याने स्वतःच्या कपाटावर लावलाय, खिडकीत लावू देत नाही. डावखुऱ्यांची कात्री मागवलीये, येईल तेव्हा येईल. एक राहिलं, उलगडल्यावर घड्यांमुळे सगळे वर उचललेले राहतात, काचेला सपाट बसत नाहीत.

पाटीवाली
दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून इस्त्री फिरवा. वाफ बंद, आच कमी. इस्त्री तुम्हीच करा, मुलं नाही.

कागदवेडा
मी मात्र घड्या तशाच ठेवीन. दोऱ्याला टांगा, काचेला कशाला. घडी दिसली पाहिजे कागदात.

घाईतली_आई
कागदवेडा, हे आवडलं. दोरा कशाने अडकवू, चिकटपट्टी दिसते मागून.

कागदवेडा
पंचिंगचं भोक आहे ना आधीच.