आजीच्या लुगड्यांची गोधडी

आईची नऊवारी लुगडी कपाटात ठेवण्यापेक्षा नातवंडांसाठी गोधडी शिवावी, असं एकाने सुचवलं, ते पटलं. थोडी भर घालतो. नऊवार म्हणजे २७ फूट. ४ तुकडे केले की पावणेसात फुटांचे ४ थर मिळतात, एकट्याला पुरतात. आधी खळ पूर्ण धुऊन काढा, नाहीतर कसर लागते. विरलेला भाग आत, पदर वर. जरीचं लुगडं मात्र नको, जर टोचते. थर ताणून कच्चे टाके घाला, मग दुहेरी सुती दोऱ्याने कडेकडून मध्याकडे धावदोरा. टाके लांब पडले तर धुण्यात थर गोळा होतात. कोरं अस्तर न धुता लावलं की ते आटतं, चुण्या पडतात. काठ फेकू नका; कडेला तेच टिकतात.