तुलूझहून एका दिवसात फिजाकचं लिपी-संग्रहालय: कसं जमवावं?

वेलांटी: फ्रान्समध्ये तुलूझला आहोत, दोघं मोठे आणि नऊ वर्षांची मुलगी. इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियोंच्या फिजाक गावातल्या जन्मघरातलं जगभरच्या लिपींचं संग्रहालय बघायचंय. स्वतःची गाडी नाही. प्रवास-तिकिटं-जेवण धरून १०० युरो. शनिवार किंवा सोमवार मोकळा आहे. सुचवा.

काना_मात्रा: सोमवार काटा. जुलै-ऑगस्ट सोडून सोमवारी बंद. बाकीच्या महिन्यांत दुपारी जेवणाच्या वेळीही दार लावतात, म्हणून त्या तारखेची वेळ आधी बघा. तुलूझच्या मातबियो स्टेशनवरून थेट तेर (प्रादेशिक) गाडीला सव्वादोन-अडीच तास लागतात. पण थेट गाड्या मोजक्याच, इतर वेळी कापदेनाक स्टेशनात गाडी बदलावी लागते. परतीची गाडी आधी ठरवा, मग जायची. उलट केलंत की संध्याकाळी अडकता. फिजाक स्टेशन सेले नदीच्या अलीकडे, पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटं चालायचं.

टेम्सकाठ: एकच मजकूर तीन लिपींत कोरलेला, ज्याच्या आधारे शाँपोलियोंनी चित्रलिपी उलगडली तो रोझेटा दगड तिथे नाहीच, नक्कल आहे! अस्सल दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ४ नंबर दालनात. ११२ सेंमी उंच, सुमारे ७६० किलो. प्रवेश फुकट, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं. दगडाभोवती गर्दी आणि काचेवर चकाकी असते, म्हणून आधी १ नंबर दालनातल्या प्रतिकृतीवर हात फिरवून घ्या. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवरची कीलाकार (खिळ्यांच्या आकाराची) लिपी वर ५५-५६ दालनांत. एवढं सोडून फिजाक?

काना_मात्रा: १०० युरोत तिघं लंडनला? आणि शेंगेन व्हिसावर लंडनमध्ये घेत नाहीत, तेवढं तरी सांगा. शिवाय ती साधी नक्कल नव्हे. प्लास दे-झेक्रित्यूर चौकात जोसेफ कोसुथ या कलाकाराने १९९१ मध्ये अख्खी जमीनच रोझेटाची केलीय. काळा ग्रॅनाइट, तिन्ही लिपी कोरलेल्या, वरून चालत जायचं. ओला असला की घसरतो, बुटाचे तळवे बघा.

चंद्रबिंदू: शाँपोलियों-शाँपोलियों काय? रोझेटावरचं इजिप्तच्या टॉलेमी राजाचं नाव इंग्लंडच्या टॉमस यंगने आधीच ओळखलं होतं.

काना_मात्रा: नाव ओळखलं, पद्धत नाही उलगडली. ती शाँपोलियोंनी १८२२ मध्ये पॅरिसच्या अकादमीचे सचिव दासिए यांना लिहिलेल्या पत्रापासून. धागा भरकटवू नका.

घाटवाट: लिपीच बघायची तर नाणेघाट! सातवाहन राणी नागनिकेचा लेख, ब्राह्मी, यज्ञात दिलेल्या गायी-कार्षापणांचे (जुन्या नाण्यांचे) आकडेसुद्धा. तिकीट शून्य.

टेम्सकाठ: तुलूझहून नाणेघाट. वा.

पेठकरीण: शनिवारी गावात बाजार असतो, सकाळी गल्ल्या तुंबतात, मी असते तर टाळलं असतं. शाकाहारी असाल तर हॉटेलांत बदक आणि बदकाचं यकृत यापलीकडे फार काही मिळत नाही. डबा न्या.

चंद्रबिंदू: सोमवारी बंद असतं हं.

अनुस्वार: मुलीसाठी एकच गोष्ट करा: चित्रलिपीतलं टॉलेमीचं नाव शिकवून न्या. लांबट अंडाकृती चौकट दिसली की आत राजाचं नाव. चौकोन म्हणजे प, त्याच्याखाली अर्धगोल त, मग दोरीचा फास ओ, बसलेला सिंह ल, मग म, बोरूची दोन पानं ई, शेवटी घडी घातलेलं कापड स. प-त-ओ-ल-म-ई-स. वाचायची दिशा सिंहाच्या तोंडाकडून. मूळ दगडावर तो उजवीकडे बघतो, म्हणजे उजवीकडून सुरुवात. मुलं डावीकडून वाचतात आणि चिडतात. नंतर चित्रलिपीतलं क्लिओपात्राचं नाव कागदावर काढून द्या, प-ओ-ल तीच अक्षरं. शाँपोलियोंनेही हीच दोन नावं शेजारी ठेवून पडताळणी केली. आत मेसोपोटेमिया, इजिप्त, चीन, मध्य अमेरिका, मग वर्णमाला. दोन तास पुरतात. इमारतीची तांब्याची अक्षरांची दर्शनी भिंत आत शिरून काचेतून बघा, बाहेरून अर्धीच कळते.

टेम्सकाठ: पॅरिसच्या लूव्हरला बाबिलोनच्या हमुराबी राजाचा सव्वादोन मीटरचा शिलास्तंभ आहे, निदान तो तरी. मंगळवारी बंद.

वेलांटी: सगळ्यांचे आभार. शनिवारच ठरवला, बाजारासकट, कारण मुलीला बकरीचं रोकामादूर चीज हवंय. डबा नेणार नाही, पाव-चीजवर भागवू. काना_मात्रांच्या सांगण्याप्रमाणे परतीची गाडी आधी पक्की केली. प-त-ओ-ल पाठ झालंय, सिंहाला मात्र ती मांजर म्हणते.