अंटार्क्टिकाला जहाजानं खुशाल जा, पण तिथं हेलिकॉप्टर कशाला? मतं मांडा

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार मंडळी. सध्या घरात एकच विषय चाललाय. मोठे मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, मामी झेडपीच्या शाळेत हेडमास्तर होत्या, लेकरं मार्गी लागली, आणि आता दोघं अंटार्क्टिकाला जायचं म्हणायलेत. जाऊ द्या की, जन्मभर काटकसर केली त्यांनी, माझं त्याच्यावर काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते हेलिकॉप्टरवर. त्यांनी निवडलेली टूर अशी की अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाज निघतं, ड्रेक पॅसेज पार करून वेडेल समुद्राकडं जातं, आणि पुढं बर्फ इतका की जहाज घुसतच नाही, मग जहाजावरच्या दोन हेलिकॉप्टरमधून स्नो हिल बेटाजवळ एम्परर पेंग्विनची वसाहत आहे तिकडं नेतात. ते पण हवामान बरं असलं तरच. दोघांचं मिळून चाळीस लाखाच्या पुढं जातंय.

मला जे वाटतं ते सरळ सांगतो. जहाज पोचतं तिथवर माणसानं जावं. जिथं बर्फानं वाट अडवलीय तिथं वरून उडून जाऊ नये. ती वसाहत आजवर टिकली ती तिथं जाणं अवघड होतं म्हणून टिकली, आणि पैसे मोजून ती अडचणच आपण काढून टाकायलो. दुसरी गोष्ट, अंटार्क्टिकाच्या टूर कंपन्यांची आयएएटीओ नावाची संघटना आहे 1991 पासूनची, तिच्याच नियमात किनाऱ्यावर हौसेखातर ड्रोन उडवायला बंदी आहे. हातभर ड्रोन चालत नाही आणि दोन इंजिनाचं हेलिकॉप्टर चालतं, हे मला काही केल्या पटत नाही. मामांना काय सांगू?

जालनेकर
काही सांगू नका, जाऊ द्या त्यांना. पैसे त्यांचे, हौस त्यांची. आपल्याकडं नवरदेव हेलिकॉप्टरनं मांडवात उतरायलेत, त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, आणि दोन म्हातारी माणसं सगळ्या परवानग्या काढून पेंग्विन बघायला चालली तर त्यांना अडवायचं? नियमात बसतंय ना, मग झालं.

गोदाकाठ_नांदेड
@जालनेकर दादा, पैशाचा प्रश्नच नाही, त्यांच्या कष्टाचे आहेत. आणि नियमात बसतं म्हणजे बरोबर असतंच असं नाही ना. नियम कोणी केले, कधी केले, किती माणसं जात होती तेव्हा केले, हे पण बघायला पाहिजे की.

उदगीरचा_दर्यावर्दी
मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला आहे, अंटार्क्टिकाला गेलेलो नाही पण जहाजाचं गणित कळतं म्हणून लिहितो. धूर आणि इंधन हा मुद्दा असेल तर हेलिकॉप्टर त्यात फार मागं येतं. असलं हेलिकॉप्टर तासाला दोनशे लिटरच्या पुढं इंधन खातं, ऐकायला खूप वाटतं, पण जहाज दिवसाला कित्येक टन जाळतं आणि मुंबईहून अर्जेंटिनापर्यंत विमानानं जाऊन-येऊन जो धूर होतो तो वेगळाच. म्हणजे साध्या जहाजाला हो म्हणणारा माणूस बहुतेक सगळ्या धुराला हो म्हणून बसलेला असतो. जड फर्नेस तेलाला तिथं 1 ऑगस्ट 2011 पासून बंदी आहे, जाळायचं तर सोडाच, टाकीत घेऊन पण जाता येत नाही, ही गोष्ट चांगली झाली.

आणि हेलिकॉप्टर नुसतं मौजेला नसतं हो. पुढं बर्फ कसा आहे, फट कुठं आहे हे वरून बघून येता येतं. 2013 च्या डिसेंबरात अकादेमिक शोकाल्स्की हे रशियन जहाज बर्फात अडकलं, माणसं कशी काढली? चीनच्या श्वे लाँग जहाजावरच्या हेलिकॉप्टरनं, 52 जण, 2 जानेवारी 2014 ला. त्याच्या आधी 2007 ला एक्सप्लोरर नावाचं टूरिस्ट जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बुडालं, 154 माणसं होड्यांमध्ये बसून राहिली, जवळ दुसरी जहाजं होती म्हणून सगळी वाचली. त्या पाण्यात तुमच्या मामा-मामींच्या जहाजावर हेलिकॉप्टर असलेलं मला तरी बरं वाटेल.

परभणीची_मैना
कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून मला राहवत नाहीये.

दर्यावर्दी दादा, तुम्ही सांगितलेल्या 2013 च्या गोष्टीचा उरलेला भाग सांगते. त्या सुटकेसाठी ऑस्ट्रेलियाचं ऑरोरा ऑस्ट्रालिस जहाज त्यांच्या अंटार्क्टिकातल्या केसी तळावर सामान उतरवत होतं ते काम अर्धवट टाकून धावलं. वर्षातून थोडेच महिने तिथं काम करता येतं, त्यातले दिवस गेले. माणसं वाचवायलाच पाहिजेत, त्यात दुमत नाही, पण अडकणारे जितके वाढतील तितकं हे होत राहणार.

आता पक्ष्यांचं. एम्परर पेंग्विन ऐन हिवाळ्यात अंडं घालतो, नर दोन महिने ते पायावर घेऊन उपाशी उभा राहतो, आणि पिल्लं वाढतात ती समुद्रावर गोठलेल्या बर्फावर, जमिनीवर नाही. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं यायच्या आत तो बर्फ फुटला की पिल्लं बुडून किंवा गारठून मरतात. 2022 ला बेलिंग्सहाउझेन समुद्राकडच्या पाच वसाहतींपैकी चारमध्ये हेच झालं, उपग्रहाच्या फोटोंवरून ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या लोकांनी दाखवलं. आणि टूर नेमक्या जातात कधी, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पिल्लं तिथं असतात तेव्हाच, कारण लोकांना पिल्लंच बघायची असतात. ज्या जीवावर आधीच इतकं ओढवलंय त्याच्या जवळपास पंख्याचा धडधडाट न्यायचा कशासाठी?

आणि 2022 मध्येच एक अभ्यास आला होता, जहाजांच्या आणि बाकी काजळीमुळं बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो, तर त्या हिशेबानं एका पर्यटकामागं साधारण 83 टन बर्फ वितळतो. ज्या वर्षात लाखावर माणसं जायलीत त्या वर्षाचा गुणाकार तुम्हीच करा.

उदगीरचा_दर्यावर्दी
मॅडम, काजळीचं तुमचं बरोबर आहे पण ती मुख्यतः जहाजाची आहे, म्हणजे तुमचा मुद्दा सगळ्याच टूरवर लागू होतो, एकट्या हेलिकॉप्टरवर नाही. धडधडाटाचं म्हणाल तर त्याला नियम आहे. अंटार्क्टिकाचा कारभार ज्या आंतरराष्ट्रीय करारानं चालतो त्या करारातल्या देशांनी 2004 ला मार्गदर्शक सूचना केल्या, पक्ष्यांच्या वसाहतीवरून 2000 फुटाच्या खाली, म्हणजे 610 मीटरच्या खाली उडायचं नाही आणि वसाहतीपासून 930 मीटरच्या आत शक्यतो उतरायचं नाही. म्हणून तर लांब उतरवतात आणि तिथून बर्फावरून चालत नेतात. पेंग्विनच्या डोक्यावर कोणी हेलिकॉप्टर नेत नाही.

परभणीची_मैना
"शक्यतो" हाच शब्द मला खुपतो. आणि एक फेरी नसते ती. हेलिकॉप्टरमध्ये माणसं मावतात सात-आठ, जहाजावर असतात शे-दोनशे, तेवढ्यांना न्यायचं आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं म्हणजे दिवसभर ये-जा चालू. एका फेरीचा आवाज किती हे मोजून दिवसभराचा त्रास कळत नाही.

मैत्रीवरचा_बीडकर
धागा वाचला. मी आपल्या भारताच्या मोहिमेत टेक्निकल कामाला होतो, मैत्री तळावर एक हिवाळा काढलाय, म्हणून दोन गोष्टी डोळ्यानं बघितलेल्या सांगतो.

मैत्री समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, शिरमाकर ओॲसिस म्हणतात त्या उघड्या खडकाळ पट्ट्यात आहे. जहाज बर्फाच्या कडेला लागतं, जड सामान पिस्टनबुली म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या गाड्यांच्या तांड्यावर ओढून येतं आणि माणसं, ताजी भाजी, औषधं, पत्रं हेलिकॉप्टरनं. पहिलं हेलिकॉप्टर दिसलं की हिवाळाभर तिथं राहिलेली माणसं बाहेर पळत येतात. त्यामुळं हेलिकॉप्टर वाईट असं मी म्हणूच शकत नाही, आमचा जीव त्याच्यावर होता.

पण तिथं उडणं काय असतं ते पण बघितलंय. सकाळी लख्ख ऊन असतं, तासाभरात आभाळ आणि बर्फ एकच पांढरं होऊन जातं, क्षितिज नाही, सावली नाही, समोरचा उंचवटा आहे का खड्डा हे कळत नाही, व्हाइटआउट म्हणतात त्याला. आमचे पायलट वाऱ्याचा आकडा जरा इकडंतिकडं झाला तर उडायला सपशेल नाही म्हणायचे आणि कोणी मोठा साहेब खाली बसलेला असला तरी ऐकायचे नाहीत. 2010 ला फ्रान्सचं एक हेलिकॉप्टर जहाजावरून द्युमाँ द्युर्विल तळाकडं निघालं होतं, मध्येच कोसळलं, चौघं गेले. कसलेली माणसं होती ती. आणि हौशी लोकांना वरून अंटार्क्टिका दाखवायला निघालेलं न्यूझीलंडचं विमान 28 नोव्हेंबर 1979 ला एरेबस पर्वतावर आदळलं त्यात 257 गेले, त्यात पण ह्याच पांढऱ्या उजेडानं घात केला होता. कामासाठी जोखीम घ्यावी लागते, घ्यावी. बघायला म्हणून घ्यायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी माझ्या आई-बापाला बसू दिलं नसतं.

जालनेकर
असं बघायला गेलं तर चारधामला पण हेलिकॉप्टर पडलेत, लोक जायचे थांबले का?

मैत्रीवरचा_बीडकर
थांबले नाहीत, पण थांबायला पाहिजे होतं असं तिथल्या लोकांना विचारून बघा दादा. आणि केदारनाथला मदत तासाभरात येते, वेडेल समुद्रात दुसरं जहाज दोन दिवसावर असू शकतं.

फर्दापूरचा_गाईड
मी अजिंठ्याला गाईड आहे. अंटार्क्टिका काय बघितलं नाही पण माणसं आणि जपायची जागा ह्यांचं रोजचं आहे आमच्याकडं. लोक आले की नासधूस होणार म्हणून लोकच बंद करा असं आमच्याकडं पण म्हणणारे होते. मग काय केलं, गाड्या टी पॉइंटला सोडायला लावल्या, तिथून पुढं एसटीची बस, चित्राच्या लेणीत एका टायमाला ठरावीक माणसं, फ्लॅश बंद. कुरकुर झाली, पण चाललंय. आणि लोक येतात म्हणून सरकार पैसा टाकतं, लोक येतात म्हणून बाहेरच्या जगाला कळतं की इथं काय आहे ते. कोणी बघितलंच नाही तर वाचवा म्हणून ओरडणार कोण? नियम कडक ठेवा, माणसं मोजून सोडा, पण बंद करू नका.

परभणीची_मैना
दादा, तुमचं उदाहरण चांगलं आहे पण ते माझ्याच बाजूचं आहे बघा. अजिंठ्यात गाड्या टी पॉइंटलाच थांबवल्या ना? लेणीच्या तोंडापर्यंत जायला वाघूरच्या घळीत हेलिकॉप्टर उतरवलं नाही. आम्ही हेच म्हणायलो, जहाज हा टी पॉइंट, त्याच्या पुढं चालत जाता येईल तेवढंच.

फर्दापूरचा_गाईड
ताई पण ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी आमच्याकडं डोलीवाले आहेत की.

गोदाकाठ_नांदेड
सगळ्यांचं वाचतोय. दर्यावर्दी दादा, दक्षिण जॉर्जिया बेटाचं उदाहरण तुम्ही द्याल असं वाटलं होतं, तुमच्या बाजूनं सगळ्यात वजनदार तेच आहे. जहाजांबरोबर आलेले उंदीर तिथं पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत होते, 2011 ते 2015 मध्ये हेलिकॉप्टरनं सगळ्या बेटावर विषारी आमिष टाकलं आणि 2018 ला बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पाखरांसाठी हेलिकॉप्टर वापरलं, ते मला शंभर टक्के मान्य. माझा विरोध बघायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरला आहे.

अजून एक. मामांच्या टूरचं माहितीपत्रक घेऊन बसलो होतो. त्यात लिहिलंय, उतरायच्या आधी प्रत्येकाची बॅग, बूट, जॅकेटची वेल्क्रो पट्टी तपासतात, पट्टीत अडकलेलं गवताचं कुसळ चिमट्यानं उपटतात, खिसे व्हॅक्यूमनं साफ करतात, बूट ब्रशनं घासून औषधाच्या पाण्यात बुडवायचे. एका वेळी 100 पेक्षा जास्त माणसं किनाऱ्यावर नाही, पक्ष्यापासून 5 मीटर लांब, बर्ड फ्लूमुळं कुठं बसायचं नाही, काही खाली ठेवायचं नाही. हे वाचून मला त्या लोकांविषयी आदरच वाटला. पण जे एका कुसळाला इतकं जपतात त्यांनी हेलिकॉप्टर का धरून ठेवलंय, तर त्याचे पैसे जास्त मिळतात, मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

उदगीरचा_दर्यावर्दी
कारण आहे की, दुसऱ्या वाटेनं ती वसाहत दिसतच नाही. आणि इतक्या लांबून जाऊन आलेली माणसं गप्प बसत नाहीत, मामी शाळेतल्या बाई आहेत, त्या परत येऊन शंभर पोरांना सांगतील. परवाना कोणत्या तरी करारातल्या देशाचा लागतोच, पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी लिहून द्यावं लागतं, आपल्या संसदेनं पण 2022 ला अंटार्क्टिकाचा कायदा केलाय. मोकळं रान नाहीये ते.

मैत्रीवरचा_बीडकर
मोकळं रान नाही हे खरं, पण टूरसाठी वेगळी चौकट पाहिजे म्हणून देश आता कुठं बसायलेत. 2024 च्या मे महिन्यात करारातल्या देशांची बैठक आपल्याच कोचीला झाली, त्यात ह्यावर बोलणं सुरू झालं. करार 1959 चा आहे, तेव्हा असल्या टूर कोणाच्या ध्यानीमनी पण नव्हत्या. आणि संघटनेचे नियम आहेत ते कंपन्यांनी आपले आपण घातलेले. माझ्या मते ती चौकट होईपर्यंत तरी बघायच्या हेलिकॉप्टरला थांबवावं.

परभणीची_मैना
+१. आणि मामींना म्हणावं, अडेली, जेंटू, चिनस्ट्रॅप ह्या तीन जाती साध्या जहाजानं, रबरी होडीतून उतरून बघता येतात, पोरांना सांगायला तेवढं पण पुष्कळ आहे.

जालनेकर
एम्पररचं स्वप्न घेऊन निघालेल्या माणसाला जेंटू दाखवून समजूत घालायची, मला नाही पटत. वय झालंय त्यांचं, पुन्हा थोडंच जाणार आहेत.

गोदाकाठ_नांदेड
काल रात्री मामांशी बोललो. ते म्हणाले, अजून ॲडव्हान्स भरला नाही, तुला काय विचारायचं ते विचार, उत्तरं बघून ठरवू. म्हणून कंपनीला मेल टाकतोय. वसाहतीपासून किती मीटरवर उतरवता, दिवसात किती फेऱ्या होतात, किती उंचीवरून नेता, परवाना कोणत्या देशाचा, परिणामाचा अहवाल वाचायला मिळेल का, हवामानामुळं उड्डाण झालंच नाही तर काय, आणि हेच जहाज हेलिकॉप्टर न घेता कधी निघतं का. बीडकर दादा, वाऱ्याचा आकडा कसा विचारायचा तेवढं सांगा, तो पण घालतो.

मैत्रीवरचा_बीडकर
वारा आणि दृश्यमानता, दोन्हीची मर्यादा विचारा. आणि उडायचं की नाही हा शेवटचा शब्द कोणाचा, पायलटचा का टूर लीडरचा, हे आधी विचारा.