एक्सेलमध्ये 1,25,000.00 दिसतं आणि मेल मर्जमध्ये नुसतं 125000 येतं, काय करू?

मार्चएंडिंग:
मंडळी, मी पतसंस्थेत ठेवी विभागात आहे, दरवर्षी ३१ मार्चनंतर ठेवीदारांना व्याजाचं पत्र जातं. एक्सेलचं शीट तयार आहे, सगळं नीट फॉरमॅट केलेलं, पण वर्डमध्ये मेल मर्ज (एकाच पत्रात शीटमधली माहिती आपोआप भरून प्रत्येकाचं पत्र काढणं) लावला की वाट लागते. ठेव 1,25,000.00 तिथं 125000, व्याज 4,457.19 तिथं 4457.191780821918 असं लांबलचक शेपूट, आणि 9.5% व्याजदराचा तर अवतारच बघा, 9.5000000000000001ई-2!! हे वाचलं तर ठेवीदार दुसऱ्या दिवशी ठेव मोडायला दारात उभा. खाते नंबर 000417 चा झालाय 417 आणि तारीख 3/31/2025. एक्सेलमध्ये परत परत फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन बदललं, ढिम्म फरक नाही. साहेब म्हणतात हातानं दुरुस्त करा, नऊशेच्या वर पत्रं आहेत हो.

तिरकी_रेघ:
फरक पडणारच नाही. वर्ड सेलमधली मूळ किंमत उचलतं, तुम्ही वरून चढवलेला फॉरमॅट नाही. वर्ड २००० पर्यंत डीडीई नावाच्या जोडणीनं डेटा यायचा तेव्हा शीटवर दिसतं तसंच पत्रात यायचं, २००२ च्या वर्डपासून ओएलई डीबी ही दुसरी जोडणी आली आणि ही कटकट मागे लागली.

पत्रात ऑल्ट+एफ९ दाबा, म्हणजे «व्याज» च्या जागी महिरपी कंसात फील्डचा कोड दिसेल. फील्डच्या नावानंतर, कंस बंद व्हायच्या आत हे टाका: \# "#,##0.00" आणि परत ऑल्ट+एफ९ दाबून प्रीव्ह्यू बघा. खाते नंबरला \# "000000". तारखेला \@ आणि मग अवतरणात डीडी/एमएम/वायवायवायवाय (इंग्रजी अक्षरांत अर्थातच), त्यातलं एमएम कॅपिटलच हवं, स्मॉल टाकलंत तर वर्ड त्याला मिनिटं समजतं आणि महिन्याच्या जागी 00 छापतं.

तारखेकडे खास लक्ष द्या. 3/31 बघून कुणालाही कळतं की गडबड आहे, पण ५ एप्रिलची मुदत 4/5/2025 अशी छापली गेली की तो माणूस सरळ ४ मे समजणार, आणि तुम्ही कितीही पत्रं चाळलीत तरी ती चूक नजरेत भरत नाही.

आकडेमोड:
वरचं बरोबर आहे पण लाखाचं काय? आमच्याकडे वर्डचा तो स्विच (म्हणजे वरचं \# वालं) तीन-तीनचेच गट पाडतो, सव्वा लाखाचे 125,000.00 होतात, आणि पतसंस्थेच्या पत्रावर असं बरं दिसत नाही. शिवाय पत्राचा मसुदा कुणी बदलला की स्विच उडतात. मी तर सगळं एक्सेलमध्येच उरकतो. मूळ कॉलमला हात लावायचा नाही, शेजारी नवीन कॉलम घ्यायचा, टेक्स्ट फंक्शन, आधी सेल आणि मग अवतरणात हा फॉरमॅट:

[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00

कोटी, लाख आणि त्याखालचं, तिन्ही बसतात. वजा रकमेला मात्र चालत नाही, कारण वजा आकडा कितीही मोठा असला तरी शेवटच्या भागात जाऊन पडतो, पण ठेवीच्या पत्रात वजा कुठून येणार. व्याजदराला तसंच "0.0%". वर्डमध्ये मग या नवीन कॉलमची फील्डं टाका, ती मजकूर म्हणून येतात, स्विचबिच काही लागत नाही.

आणि व्याजाच्या फॉर्म्युल्याला राउंड (आकडा खरोखर पैशांपर्यंत आणणारं फंक्शन) लावलाय का? टेक्स्ट नुसतं दिसणं बदलतं, आत 4457.1917... तसंच राहतं. मग पत्रावरचे आकडे कॅल्क्युलेटरवर मिळवले की शीटच्या बेरजेशी काही पैशांनी जुळत नाहीत, आणि ऑडिटरला नेमके तेच पैसे दिसतात 😀

जुनं_ते_सोनं:
डीडीई अजून आहे हो. फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, खाली जनरलमध्ये 'कन्फर्म फाईल फॉरमॅट कन्व्हर्जन ऑन ओपन' ला टिक करा, मग डेटा फाईल निवडताना डीडीईचा पर्याय विचारतो. शीटवर दिसतं तसं उतरतं. डेटा पहिल्याच शीटवर पाहिजे.

आकडेमोड:
डीडीई एकदा चाललं तर चाललं, मोठ्या फाईलला अडकून बसतं. नऊशे पत्रांना मी तरी सुचवणार नाही.

मार्चएंडिंग:
टेक्स्टवाला कॉलम केला, ठेव 1,25,000.00 आली एकदाची 🙏 राउंड नव्हता, लावते. पण एक राहिलं, काही खाते नंबर 212/अ असे आहेत, जुन्या शाखेचे, तिथं पत्रात कुठं रिकामं तर कुठं चक्क 0 येतंय. आणि पत्र मराठीत आहे तर नंबरही मराठी आकड्यांत येईल का?

तिरकी_रेघ:
ते कॉलम मिक्स असल्यामुळे. ओएलई डीबीची जोडणी साधारण पहिल्या आठ ओळी बघून ठरवते की कॉलम आकड्यांचा की मजकुराचा, वरचे सगळे आकडे दिसले की खालचा 212/अ तिच्या लेखी नाहीच. टेक्स्ट फंक्शनचा कॉलम खाते नंबरालाही करा, सगळंच मजकूर होतं, 212/अ आहे तसा राहतो.

मराठी आकड्यांना त्याच फंक्शनमध्ये [$-4000439]000000 द्या. 212/अ मधला 212 मात्र इंग्रजीच राहील, ते थोडेच असतील तर हातानं टाइप करा. सगळी पत्रं एकदम प्रिंटरला सोडू नका, आधी 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' करून नवी फाईल काढा आणि त्यात लाखाच्या वरची, हजाराच्या आतली आणि जुन्या शाखेची अशी पत्रं बघा.

मार्चएंडिंग:
०००४१७ आलं!! जुन्या शाखेची मोजकीच आहेत, ती बसून करते. साहेबांना आता रकमा अक्षरीही हव्यात, त्याचा वेगळा धागा काढते.