मदत हवी आहे : चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोणती फुलझुडपे टिकतील? (नाशिक)

नमस्कार. आमचे घर पाथर्डी फाट्याजवळ असून पूर्वेकडील भिंतीलगत सुमारे तीस फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टा मोकळा आहे. तेथे दरवर्षी नव्याने लावावी लागणार नाहीत अशी फुलझुडपे आणि त्यांच्या पुढे बुटकी बहुवर्षायू फुलझाडे लावावयाची आहेत. सकाळी चांगले ऊन येते, दुपारनंतर घराची सावली पडते.

खरी अडचण मातीची आहे. माती काळी व भारी असून पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ढेकळावर थोडे व्हिनेगर ओतले की लगेच फसफसते, म्हणजे चुनखडी भरपूर आहे. बोअरचे पाणीही जड असल्यामुळे आळ्यात पांढरा थर साचतो. येथे लावलेल्या एक्झोराची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात आणि खालची जुनी पाने ठणठणीत दिसतात, त्यावरून ही लोहाची कमतरता असावी. हिराकस (फेरस सल्फेट, लोह पुरवणारे खत) दिल्यावर तात्पुरता फरक पडला, पण अशा मातीत त्यातील लोह लवकरच न विरघळणाऱ्या रूपात जात असल्याने पिवळेपणा परतला. द्राक्षबागेत ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही विरघळलेले राहणारे लोह, वापरतात हे ठाऊक आहे. परंतु घरची बाग कायम औषधावर जगवण्याची इच्छा नाही. म्हणून एक्झोराचा नाद सोडला आहे, आणि सासूबाईंच्या आग्रहाचे अनंताचे झुडूपही या चुनखडीपासून दूर, कुंडीतच राहील.

सध्या मागील रांगेसाठी तगर, कुंती आणि गावठी लाल जास्वंद, मध्ये निळा प्लंबॅगो, तर पुढे अबोली आणि सदाफुली असा विचार आहे. देवपूजेला रोज फुले लागतात, त्यामुळे तगर आणि जास्वंद हवेतच. टिकोमा कणखर असला तरी घराशी रस्तादुभाजकाची कळा आणतो, असे माझे मत आहे. कण्हेर विषारी असते आणि घरात लहान मूल आहे, त्यामुळे ती नको.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. कुंती अशा जमिनीत पिवळी न पडता वाढते का, आणि छाटून पाच फुटांवर ठेवल्यास तिचा बहर कमी होतो का? संकरित जास्वंदीच्या तुलनेत गावठी जातीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) कमी येतो, असा आपला अनुभव आहे का? नाशिकच्या थंडीत, पारा दहा अंशांखाली उतरला की अबोलीचा बहर थांबतो का, आणि थांबत असेल तर डिसेंबर-जानेवारीत त्या रांगेत रंग राखणारे दुसरे बहुवर्षायू झाड कोणते?

शेवटचा प्रश्न खर्चाचा आहे. विटांचा कठडा करून फूटभर उंचीपर्यंत पोयटा व शेणखत भरावे, असे सुचवण्यात आले आहे. मुळे अखेर खालच्या काळ्या मातीत उतरणार आणि पाणी तेच बोअरचे राहणार, तर हा खर्च झुडपांसाठी सार्थकी लागेल, की केवळ पुढच्या रांगेपुरता वाफा उंच करून मागची झुडपे आहे त्याच मातीत लावावीत? लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर करणार असल्याने कठड्याचा निर्णय त्यापूर्वी घ्यावा लागेल.